जुन्या कृष्णधवल रस्त्यांचा मूड आजच्या कॅमेऱ्यात कसा आणावा

रंग काढा, कॉन्ट्रास्ट चढवा, वरून ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) भुरभुरवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. जुन्या शहरी फोटोंतला मूड गडद काळ्या रंगातून येत नाही, तो हवेतून येतो. धुकं, धूर, ओलावा दिसला पाहिजे.

म्हणून पहाटे निघा, किंवा पाऊस नुकताच थांबल्यावर. सूर्य समोर किंवा तिरका असू द्या. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच घ्या.

चौकट ठरली की हलू नका. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १८९३ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर भर हिमवादळात तीन तास थांबले, तेव्हा त्यांना हवी तशी घोडागाडी मिळाली.

आता रंग काढण्याची पायरी. मला सगळ्यात जास्त हिनेच छळलं. त्या काळी फोटो ज्यांवर उमटायचा त्या बहुतेक काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश भरपूर दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. हवेत विखुरतो तोही मुख्यतः निळाच. त्यामुळे आकाश पांढरं पडायचं आणि रस्त्याचं दूरचं टोक विरत जायचं. फ्रेंच छायाचित्रकार यूजेन ऑजेंनी टिपलेलं पहाटेचं पॅरिस पाहा, तिथे हेच दिसतं. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये फोटो कृष्णधवल करताना निळ्याचा स्लायडर वर न्या, लाल आणि नारिंगी खाली. लाल फिल्टरचा प्रीसेट (तयार सेटिंग) चुकूनही लावू नका. तो दूरचा धूसरपणा कापतो, निळं आकाश काळं करतो आणि सगळी मेहनत पुसून टाकतो. चेहरे सावळे होतील, होऊ द्या. ते उजळायला गेलात की फोटो आजचा दिसू लागतो.

निळ्या चॅनेलमध्ये नॉइज (नको असलेले ठिपके) लवकर उठतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) कमी ठेवा आणि स्लायडर टोकाला नेऊ नका, नाहीतर आकाशात पट्टे पडतात.

रात्री ही युक्ती चालत नाही, कारण पिवळ्या दिव्यांत निळं नसतंच. तिथे दिवा झाडाच्या किंवा खांबाच्या आड घ्या आणि ओल्या रस्त्यावरची चमक धरून एक्स्पोजर ठरवा. जुन्या प्लेटांत दिव्याभोवती वलय यायचं, कारण प्रकाश काचेच्या मागच्या बाजूवरून परतून येई. सॉफ्टवेअरमधून ते आणायचंच असेल तर अगदी हलकं, आणि फक्त दिव्यापुरतं.

शेवटी कॉन्ट्रास्ट. पूर्ण काळा रंग जवळच्या एखाद्याच वस्तूत ठेवा. बाकी सगळं राखाडीच राहू द्या.