शब्द मुलांनाच आणू द्या

धड्याखालचे शब्दार्थ मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. स्वतः हुडकून आणलेला शब्द मात्र टिकतो. आठवड्याचे शब्द मुलांनीच सुचवायचे, ही पद्धत मार्था हॅगार्ड या अमेरिकी अभ्यासिकेने १९८२ मध्ये मांडली. ५वी ते ८वीच्या मराठीच्या तासाला ती छान बसते.

सोमवारी सांगून ठेवा: शनिवारी प्रत्येकाने एक शब्द आणायचा. एसटीतल्या पाटीवरचा, आजीच्या तोंडचा, क्रिकेटच्या समालोचनातला, कुठलाही. अट एकच, तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य वहीत उतरवायचं. ही अट सोडू नका. नाहीतर पोरं ऐनवेळी शब्दकोश उघडून 'किंकर्तव्यविमूढ' आणतात, आणि बाईंवर छाप पाडली की त्या शब्दाचं काम संपतं.

शनिवारी ज्याने त्याने तीन गोष्टी सांगायच्या: शब्द कुठे सापडला, अर्थ काय वाटतो, वर्गाला तो का हवा. समजा, एकीने 'वाफसा' आणला. मामा फोनवर म्हणाला होता, "वाफसा आल्याशिवाय तिफण जुंपायची नाही." तिला वाटलं, वाफसा म्हणजे कामावर येणारा गडी! लगेच दुरुस्त करू नका. अंदाज वाक्याला धरूनच आहे. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना विचारा. कुणीतरी सांगेलच: पाऊस उघडल्यावर मूठभर माती दाबली की गोळा होतो, खाली टाकला की फुटतो, तेव्हा वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली. शब्दकोश त्यानंतर. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही मराठी शब्दकोश 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर पाहता येतात.

मग हात वर करून ५ शब्द निवडा. शिक्षकांनीही एक सुचवावा, पण मत एकच. तो पडला तर मुलं भलतीच खूश होतात. बोलीतला शब्द 'अशुद्ध' म्हणून गाळायचा नाही. मालवणी 'चेडू' आला तर शेजारी 'मुलगी' लिहा, झालं.

निवडलेले शब्द आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. व्याख्या पाठ करून घेऊ नका. कुणी बोलताना वापरला की त्या शब्दापुढे एक रेघ मारायची, मग तो मधल्या सुट्टीतल्या भांडणात वापरलेला का असेना. पुढच्या शनिवारी ज्याच्यापुढे रेघच नसेल, तो पुसायचा की आणखी आठवडाभर ठेवायचा, हे तो आणणाऱ्यालाच विचारा.