भिंतीला ओल आलीय? रंगाचा डबा नंतर उघडा, आधी पाणी शोधा

भिंतीवर पिवळट डाग दिसला, पोपडे सुटायला लागले की पहिला फोन कुणाला जातो, तर रंगाऱ्याला. तो येतो, खरवडतो, पुट्टी ओढतो, वरून कसलं तरी वॉटरप्रूफ मटेरियल मारतो, भिंत एकदम चकाचक दिसते आणि काही महिन्यांनी त्याच जागी परत तोच डाग. आता यात रंगाऱ्याला शिव्या घालून काय उपयोग, त्याला रंगाचं काम सांगितलं ते त्याने केलं, पाणी थांबवायचं काम कुणालाच सांगितलेलं नव्हतं. म्हणून आधी दोन-चार दिवस स्वतः डिटेक्टिव्हगिरी करा, पैसे लागत नाहीत आणि नंतर गवंडी, प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला, नक्की कुणाला बोलवायचं ते कळतं.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट, डाग स्विचबोर्ड किंवा सॉकेटच्या आसपास असेल तर बाकी सगळं राहू द्या, त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका) पाडा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. ओल्या भिंतीतल्या वायरशी खेळ नको.

आता डाग नीट बघा. कुठे आहे यावरूनच अर्धं काम होतं. जमिनीलगत सुरू होऊन वर चढलेली ओल, तळमजल्यावर, साधारण मीटरभर उंचीपर्यंत आणि वरच्या कडेला पांढरी भुकटी, असं असेल तर बहुतेक पाणी जमिनीतून वर येतंय, विटांमधल्या बारीक छिद्रांतून ते वर ओढलं जातं. पण मजला वरचा असेल आणि तरी खालून ओल दिसत असेल तर जमिनीचा प्रश्नच येत नाही, तिथे पलीकडे बाथरूम आहे का, टाइल्सखालून पाणी पसरतंय का हे बघायचं. छतावर डाग म्हणजे वर गच्ची किंवा वरच्यांचं बाथरूम. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट बघा. आणि मध्येच कुठेतरी, ना खिडकी ना कोपरा, गोल डाग जो पाऊस असो नसो तसाच ओला असतो, तिथे आत पाइप गेलाय असं धरून चाला.

बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, छताच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके ठिपके असतील तर थांबा जरा, हे पाणी बाहेरून आलेलं नसूही शकतं. घरातलीच वाफ असते, आंघोळीची, स्वयंपाकाची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची, ती थंड भिंतीवर बसते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसं. २५ डिग्रीची हवा आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १७ डिग्रीच्या खालच्या भिंतीवर पाणी सुटणारच. अशा घरात लोक बाहेरून अख्खी बिल्डिंग वॉटरप्रूफ करून घेतात आणि ठिपके जागच्या जागी.

हे आतलं का बाहेरचं ओळखायला एक सोपी टेस्ट आहे. जाड प्लास्टिकचा साधारण दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, डागाच्या जागेवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी अशी लावा की कुठून हवा जाणार नाही. भिंत अगदी भुसभुशीत असेल तर टेप चिकटत नाही, मग आधी सुटे पोपडे झाडून घ्या. एक-दोन दिवस तसंच सोडा. नंतर बघा, खोलीच्या बाजूला, म्हणजे प्लास्टिकच्या वर दव धरलंय तर ती घरातली वाफ. प्लास्टिक वरून कोरडं आणि काढल्यावर मागच्या बाजूने ओलं, तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे ओलं असेल तर दोन्ही भानगडी आहेत, तेही होतं.

वाफेचंच निघालं तर खर्च फार नाही. आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन अजून १५-२० मिनिटं चालू ठेवायचा, कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढायचं, कपडे बाहेर वाळवायचे किंवा निदान खिडकी उघडी ठेवून. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घेऊन ठेवा, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा सल्ला असा आहे की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, जमलं तर ३० ते ५० मध्ये. बुरशीचा पट्टा तीन फूट बाय तीन फुटापेक्षा लहान असेल तर घरच्या घरी साबणाच्या पाण्याने घासून पुसता येतो, मास्क आणि हातमोजे घालून, आणि नंतर पूर्ण कोरडं करायचं. ब्लीच वापरायचं असेल तर त्यात अॅसिड, व्हिनेगर, अमोनियावालं क्लीनर यातलं काहीही मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो, आणि बाथरूमसारख्या कोंदट जागेत तर अजिबात नाही.

पांढरं दिसतंय ते बुरशी आहे का लोणा, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. थोडं खरवडून त्यावर पाण्याचे थेंब टाका, विरघळलं तर क्षार, म्हणजे लोणा, नाहीतर बुरशी. लोणा दिसला म्हणजे पाणी भिंतीतून फिरून बाहेर आलंय, येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन आलंय आणि वाळताना ते वर सोडून गेलंय. तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा, कारण पाणी लावलं की क्षार परत आत जातात.

आता पाइपचं. हे सगळ्यात कटकटीचं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त तोडफोड करून घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाइप दोन प्रकारचे, एक येणाऱ्या पाण्याचे आणि एक जाणाऱ्या पाण्याचे. येणाऱ्या लाइनमध्ये प्रेशर सतत असतं त्यामुळे तिथला लीक दिवसरात्र चालू असतो, तुम्ही गावाला गेलात तरी डाग ओलाच. सांडपाण्याच्या लाइनमधला लीक वापर झाला की वाढतो आणि वापर बंद झाला की हळूहळू वाळायला लागतो. म्हणून आधी पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, एका ठरलेल्या जागेवर उभं राहून फोटो काढा. नंतर शक्य असेल तर ते बाथरूम काही दिवस बंद ठेवा. भिंत वाळायला वेळ लागतो त्यामुळे एका दिवसात निकाल मिळेल असं समजू नका, पण रेघेच्या बाहेर डाग सरकला का आत आला ते फोटोत कळतं, नुसत्या डोळ्यांना रोज बघून बघून काही कळत नाही.

येणाऱ्या लाइनसाठी, पाणी मीटरमधून थेट येत असेल तर सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरलेली आहे बघा, मीटरचं रीडिंग लिहून ठेवा आणि दोन-तीन तास कुणालाही पाणी वापरू देऊ नका. रीडिंग पुढे गेलं तर कुठेतरी गळतंय. मध्ये टाकी असेल तर टाकीत येणारा वॉल्व बंद करून रात्री पातळीची खूण करायची आणि सकाळी बघायचं. खाली गेलीय असं दिसलं तर दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणारा वॉल्वही बंद करून बघा, तरी पातळी उतरली तर टाकीच गळतेय, नाही उतरली तर लाइन. फ्लशचा वॉल्व गळत असेल तरी पातळी उतरते, म्हणून आधी फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून बघा, फ्लश न करता अर्ध्या तासात तो कमोडमध्ये उतरला तर गळती तिथे आहे आणि भिंतीशी तिचा संबंध नाही. एवढं करून लाइनवर संशय पक्का झाला की प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला सांगा, पंपाने लाइनमध्ये प्रेशर भरतात आणि गेजचा काटा खाली येतो का बघतात. गरम आणि गार लाइन वेगवेगळी टेस्ट करून घ्या, म्हणजे निम्म्या टाइल्स वाचतात.

बाथरूमच्या जमिनीसाठी, नहाणीचा ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, फडकं आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा आणि एक-दीड इंच पाणी साठवून २४ तास ठेवा. उंबरठा ठेंगणा असेल तर पाणी बाहेर येईल, बघून करा. कडेला पाण्याच्या पातळीची खूण करायची, थोडं पाणी हवेत उडून जातं पण ते नगण्य. पातळी चांगलीच उतरली आणि पलीकडे किंवा खाली ओल वाढली तर टाइल्सचे सांधे किंवा त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी साठलेलं असताना काहीच झालं नाही आणि ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर खाली थेंब पडायला लागले तर जमीन ठीक आहे, लीक ट्रॅपच्या जोडात किंवा पुढच्या पाइपात. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यात अख्खी जमीन उकरावी लागू शकते आणि दुसऱ्यात बरेचदा ट्रॅपच्या भोवतीचं काम करून भागतं. तिसरी शक्यता पण आहे, जमीन बरी, ट्रॅप बरा, आणि शॉवर भिंतीवर मारला की ओल येते, मग भिंतीच्या टाइल्सचं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, आणि नळाच्या पाइपाभोवतीची फट बघा, ते स्वस्तातलं काम.

वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम असेल तर ही टेस्ट त्यांच्या घरात करावी लागणार, आणि इथे तोंडाने जितकं काम होतं तितकं हातोड्याने होत नाही. "तुमच्यामुळे आमचं छत खराब झालं" असं म्हणत वर गेलात तर दार बंद झालंच म्हणून समजा. तारखांसकट फोटो न्या, "काका, एक दिवस फक्त पाणी साठवून बघूया, आमच्याकडूनही असेल" असं म्हणा, ट्रॅप उघडताना त्यांना खाली बोलावून दाखवा. स्वतःच्या डोळ्यांनी थेंब पडताना बघितलेला माणूस सहसा वाद घालत नाही.

खिडकी किंवा बाहेरच्या भिंतीवर संशय असेल तर पावसाची वाट बघत बसू नका. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन उभं राहायचं. खालून सुरू करायचं, प्रत्येक उंचीला १०-१५ मिनिटं आणि मग थोडं वर. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळ्या फटींवरून खाली येतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळतच नाही. उंचावर लटकून मात्र स्वतः काही करू नका.

सोर्स सापडला, दुरुस्त झाला, आता तरी रंग? नाही ओ. आधी खराब प्लास्टर काढा, डागाच्या कडेपासून फूटभर पुढपर्यंत. वरवर ठीक दिसणाऱ्या प्लास्टरमध्येही क्षार मुरलेले असतात आणि ते हवेतली ओल खेचून घेतात, म्हणजे पाणी बंद होऊनही भिंत ओलसरच. नंतर वीट उघडी ठेवून वाळू द्या. जाड भिंत आतपर्यंत भिजली असेल तर ढोबळ हिशेब जाडीच्या दर इंचाला एक महिना असा सांगतात, तेवढं थांबणं प्रत्येकाला जमत नाही हे मान्य, पण पंखा लावून, खिडक्या उघडून जितकं थांबाल तितकं पुढचं टिकेल. नवीन सिमेंट प्लास्टरला रंगाच्या आधी चार आठवडे तरी द्या. आणि मधल्या काळात आतून ऑइल पेंट किंवा रबरासारखं कोटिंग मारून टाकू नका, पाणी आत कोंडतं आणि फुटायला दुसरी जागा शोधतं, बरेचदा शेजारच्या खोलीत. ओल्या भिंतीवर टाइल्स किंवा पॅनल लावून झाकणारे लोक तर मला कधी समजलेच नाहीत.

वाळली का हे बघायला तीच प्लास्टिकवाली टेस्ट परत करा. भिंतीतली ओल मोजायचं मीटर लावून बघणारा कुणी आला तर त्याला क्षारांबद्दल विचारा, लोणा असलेल्या भिंतीवर पिनवालं मीटर उगाच जास्त आकडा दाखवतं. मग प्रायमर, पुट्टी पातळ थरांत, एकदम जाड नाही, वाळल्यावर १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, परत प्रायमर, रंग. घर खूप जुनं असेल तर जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ती धूळ लहान मुलांना फार वाईट.

कॉन्ट्रॅक्टरकडूनच सगळं करून घ्यायचं असेल तर भाव विचारायच्या आधी विचारा, पाणी कुठून येतंय असं वाटतं आणि ते कशावरून. जो एकही टेस्ट न करता थेट स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो त्याला चहा पाजून पाठवून द्या. कुठलं मटेरियल, किती कोट, वॉरंटी कशावर, हे कागदावर घ्या, नुसतं "दहा वर्ष गॅरंटी साहेब" याला अर्थ नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पाणी साठवायची टेस्ट परत करून, खाली येऊन छत बघून झाल्यावर. टेस्टचं पाणी टाइल्स बसवायच्या आधी, नुसत्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर एकदा साठवायला सांगा, तेव्हा काही निघालं तर ब्रश मारून दुरुस्त होतं, टाइल्स बसल्यावर निघालं तर परत हातोडा.