टीना शुतेयसारखी बांबूउडी मारायचीय? आधी तिची शेवटची तीन पावलं बघा

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या टीना शुतेयचे व्हिडिओ पाहून पोल व्हॉल्टकडे, म्हणजे बांबूउडीकडे, वळणाऱ्या मुली सहसा पोल वाकतो तो क्षण पुन्हापुन्हा बघतात. 2022 मध्ये बेलग्रेडची जागतिक इनडोअर आणि म्युनिकची युरोपियन स्पर्धा अशी दोन कांस्यपदकं तिने मिळवली, दोन्हीकडे 4.75 मीटर. पुढच्या वर्षी चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्राव्हात 4.82 मीटर. पण उंचीचा निकाल पाय सुटायच्या आधीच लागलेला असतो. व्हिडिओ हळू करून शेवटची तीन पावलं बघा: हात वर जातात कधी, आणि टेकऑफचा, म्हणजे ज्यावरून उडी घेतो तो, पाय पडतो कुठे.

सुरुवात लांब उडीच्या वाळूत करा. प्रशिक्षक आणि मॅट नसेल तर बॉक्सकडे, म्हणजे पोलचं टोक रोवायच्या खाचेकडे, फिरकूसुद्धा नका. पोल उभा धरा, उजवा हात पूर्ण वर ताणा आणि बोटं पोहोचतात त्याच्या एक वीत वर पकड घ्या. डावा हात साधारण दीड फूट खाली. सहा पावलं धावा, डाव्या पायावर उडा, पोलच्या उजवीकडून झुला आणि दोन्ही पायांवर उतरा. पहिले काही आठवडे पोल वाकता कामा नये. वाकवायची घाई झाली की कोपर दुमडतं, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

मैत्रिणीला बाजूला उभं करून टेकऑफचा व्हिडिओ काढायला सांगा. वरच्या हातापासून सरळ खाली रेघ ओढली तर ती डाव्या पायावर यायला हवी. पाय त्याच्या पुढे पडला तर पोल खांद्याला मागे ओढतो. अशा वेळी धाव सुरू करायची खूण अर्धं पाऊल मागे घ्या. पाऊल आखडून जुळवाजुळव केली तर वेग मरतो.

बॉक्सवर गेल्यावर पोल उभा होण्याआधीच थांबून मागे आलात, तर पकड फार वर आहे किंवा वेग कमी पडतोय. मुकाट्याने 10 ते 15 सेंटीमीटर खाली या. इथे अहंकार आडवा येतो, आणि घोटे त्यातच मुरगळतात. उलट, पोल फार वाकून तुम्ही सपाट, वेगाने मॅटच्या टोकाकडे फेकल्या जात असाल तर तो मऊ पडतोय. कडक पोल घ्या. तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे, हे पोलवर सहसा पौंडांत छापलेलं असतं. 50 किलोच्या मुलीने 110 पौंडांखालच्या पोलला हात लावू नये.

पुण्यात बालेवाडी असो वा सणस मैदान, पावसाळ्यात पकडीची टेप कोरडी ठेवा, ओल्या हाताने उडी नको. फायबरच्या पोलला दगडावर घासून चरा पडला तर तो नेमका तिथेच तुटतो. त्यामुळे रिक्षाच्या टपाला बांधून सिंहगड रोडने पोल न्यायचा बेत असेल, तर आधी त्याला जाड कापडी पिशवी शिवून घ्या.