दूरच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढायचा?

लंडन ते टोकियो हेच उदाहरण घेऊ.

१. आधी अंतर काढा. त्यासाठी भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सपाट कागदावरची सरळ रेघ हा जवळचा मार्ग नसतो. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो स्कँडिनेव्हियावरून, आर्क्टिक वृत्ताच्याही वर चढून सायबेरियात उतरेल. गूगल मॅप्समधल्या ‘अंतर मोजा’ सुविधेतही दोन बिंदू दिले की हेच अंतर मिळतं. गणिताची हौस असेल तर अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये होणारा कोन काढा. तो इथे जवळपास ८६ अंश येतो. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, की साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास अंतर झालं.

२. अंतराला ९०० ने भागा. मोठी जेट विमानं साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास वाढवा. उत्तर येतं सव्वाअकरा तास.

३. आता हे उत्तर तपासा, कारण खरी गंमत इथेच आहे. आज या मार्गावर साधारण १४ तास लागतात. युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, ब्रिटिश आणि जपानी विमान कंपन्या रशियावरून उडत नाहीत. त्यांची विमानं तुर्कस्तान, मध्य आशिया, चीन असा वळसा घेतात, नाहीतर अलास्का-ग्रीनलंडवरून जातात. म्हणून विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर गेल्या काही दिवसांतली उड्डाणं प्रत्यक्ष कुठून गेली ते बघा. माझ्या मते कुठल्याही सूत्रापेक्षा हा आधार जास्त भरवशाचा.

वाऱ्याचाही हिशेब धरा. उंचावरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे न्यूयॉर्क ते लंडन सुमारे सात तासांत होतं, परतताना मात्र आठेक लागतात. हिवाळ्यात हा प्रवाह जोरात असतो, तेव्हा फरक आणखी वाढतो.

४. तिकिटावरच्या वेळा वाचताना सावध राहा. निघण्याची वेळ निघता त्या शहरातली, पोहोचण्याची वेळ पोहोचता त्या शहरातली! हिवाळ्यात टोकियो लंडनच्या नऊ तास पुढे असतं. लंडनहून संध्याकाळी सातला निघून १४ तास उडालात, तर टोकियोत दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर २३ तास दिसतील. त्यातून नऊ वजा करा. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे सरकतात, जपानची नाही, म्हणून तेव्हा आठच वजा करायचे.

५. थेट विमान नसेल तर प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा काढा आणि मधल्या थांब्याचे तास त्यात मिळवा. थांबा वाटेवर आहे की उलट्या दिशेला, हेही बघा. स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा तिथेच तास जातात.