असोसिएट डिग्रीचं कॉलेज शोधताय? आधी तिसरं वर्ष कुठे करायचं ते ठरवा

बारावीनंतर अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठ, असा बेत असेल तर कॉलेजची यादी फी पाहून करू नका. तिथे मिळणारी दोन वर्षांची असोसिएट डिग्री इथल्या बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या बरोबरीची नाही. तेवढीच घेऊन बडोद्याला परतलं तर एम. एस. युनिव्हर्सिटीत मास्टर्सला प्रवेश मिळणार नाही. म्हणून आधी विद्यापीठ आणि शाखा ठरवा, मग तिथपर्यंत नेणारं कॉलेज शोधा.

ही डिग्री साधारण 60 सेमिस्टर क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजण्याचं एकक). असोसिएट ऑफ आर्ट्स आणि असोसिएट ऑफ सायन्स मुख्यतः पुढच्या शिक्षणासाठी. अप्लाइड सायन्सची डिग्री थेट नोकरीसाठी आखलेली असते, तिचे बरेच क्रेडिट पुढे धरले जात नाहीत. नावं इतकी सारखी आहेत की फसगत इथेच होते.

कॅलिफोर्नियात असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर कॉलेज, विद्यापीठ आणि शाखा निवडली की कुठला विषय कशाच्या जागी चालतो ते दिसतं. तो तक्ता छापून घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसमध्ये ठरलेल्या अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

इंजिनिअरिंगवाल्यांनी गणिताची साखळी आधी पाहावी. कॅल्क्युलसचे भाग क्रमानेच घ्यावे लागतात, आणि लहान कॉलेजात पुढचा भाग वर्षातून एकदाच शिकवला जाण्याची शक्यता असते. एक भाग हुकला की सहा महिने ते वर्ष गेलंच, वर तेवढ्या काळाचं भाडं. मागच्या दोन सेमिस्टरचं वेळापत्रक कॉलेजच्या साइटवर मिळालं तर जरूर तपासा.

कॉलेजला मान्यता आहे ना आणि ते आय-20 (स्टुडंट व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र) देऊ शकतं ना, हे अमेरिकन सरकारच्या याद्यांत स्वतः बघा, कन्सल्टंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर दर सेमिस्टरला 12 क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच, जास्तीत जास्त 3 क्रेडिटचा, धरला जातो. हवे ते विषय ऑनलाइनच असतील तर ते कॉलेज सोडा.

साइटवर ठळक दिसणारी फी बहुधा स्थानिकांची असते. तुमचा आकडा ‘नॉन-रेसिडेंट’ किंवा ‘इंटरनॅशनल’ या रकान्यात, अनेकदा कित्येक पट जास्त. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, तेव्हा भाडं, जेवण आणि आरोग्य विमा त्यात मिळवूनच दोन कॉलेजांची तुलना करा.

ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे डिग्री पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, कमी दिसला म्हणून घाबरू नका. डिग्री न घेताच विद्यापीठात गेलेली मुलं त्यात येत नाहीत. अमेरिकन सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर या साइटवर शेजारचा ‘ट्रान्सफर-आउट’ आकडाही वाचा, आणि इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून विचारा: तुमच्या शाखेतून, तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात, गेल्या वर्षी किती मुलं गेली?