मॉडेल रेल्वेतलं लाकडी गोदाम जुनं कसं करावं: आधी शाई, मग गोंद

लाकडाला तपकिरी रंग फासला की ते जुनं दिसतं, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चूक आहे. तपकिरी असतं ते ताजं किंवा तेलपाणी केलेलं लाकूड. उघड्यावर उन्हाने लाकडातलं लिग्निन मोडतं, पावसात ते धुऊन जातं आणि मागे राखाडी तंतू उरतात. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं रंग न दिलेलं दार नीट बघा. ऊन-पाऊस झेलणारा भाग राखाडी आणि छज्जाखाली झाकलेला तपकिरी, हाच फरक मॉडेलमध्ये उतरवायचा.

खालची मापं एचओ या मॉडेल-प्रमाणासाठी, म्हणजे खऱ्या वस्तूच्या १:८७ साठी आहेत. बासवुड या मऊ लाकडाच्या पट्ट्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या घ्या. नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारात सागाचे तुकडे कितीही सुरेख मिळोत, या कामाला नकोत. सागाची छिद्रं इतक्या लहान मापात ठळक दिसतात आणि त्यातलं तेल रंग नीट मुरू देत नाही.

रेषा. पितळी तारांचा मऊ ब्रश तंतूंच्या दिशेने तीन-चार वेळा ओढा. १ मिमी म्हणजे खरे ८.७ सेंमी, म्हणून हात हलका ठेवा. उभे राहिलेले रेशे ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने काढा.

शाईचा हात. बहुतेक मॉडेलं इथेच बिघडतात.

१०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घाला. गडद छटेसाठी २ मिली. मोजायला बिनसुईची सिरिंज घ्या. फाउंटन पेनची शाई चालत नाही: ती निळसर पडते आणि पुढे उडते. सॅनिटायझरही नको, त्यातलं ग्लिसरीन लाकडावर चिकट राहतं. काही शाया अल्कोहोलमध्ये फाटतात, त्यामुळे आधी ५ मिलीवर करून बघा. गुठळ्या दिसल्या तर शाई बदला. शाईतली काजळी तळाशी बसते, म्हणून दर वेळी बाटली हलवा.

शाई गोंद लावण्यापूर्वीच द्यायची. आधी भिंत जोडून मग रंगवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फेव्हिकॉल जिथे लागला तिथे लाकडाची तोंडं बंद होतात, शाई मुरत नाही आणि फिकट डाग कायम राहतो. तो पुसून जात नाही, फळीच बदलावी लागते.

फळ्या ब्रशने न रंगवता दहा-पंधरा सेकंद बुडवा. एकच बाजू भिजली तर फळी वाकते. जाळीवर सुकवा आणि किंचित ओल असतानाच दोन काचांमध्ये रात्रभर दाबून ठेवा. ओल्या लाकडाची छटा बघून निर्णय घेऊ नका, ती सुकल्यावर बरीच उतरते. पूर्ण सुकल्यावर कमी वाटली तर पुन्हा बुडवा. दहा फळ्यांपैकी सहा फिकट, तीन मध्यम आणि एक जवळजवळ कोरी ठेवा. सगळ्या सारख्या झाल्या की भिंत छापील दिसते.

नागपूरच्या मे महिन्यात अल्कोहोल पसरण्याआधीच उडतं आणि कडांवर काळ्या रेघा उमटतात. काम सकाळी लवकर उरका आणि भांडं झाकून ठेवा. फळ्या कुलरसमोर सुकवू नका, दमट हवेने पातळ लाकूड फुगतं. पावसाळ्यात अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा झाकण घट्ट लावा. खिडकी उघडी हवी आणि आसपास गॅस किंवा उदबत्ती नको, कारण हे झपकन पेटतं.

जोडणी. फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा.

उडालेला रंग. भिंत रंगवलेली हवी असेल तर फळ्यांवर पंक्चरच्या सोल्यूशनचे बारीक ठिपके द्या, सुकू द्या आणि वरून ॲक्रिलिकचा एकच पातळ हात मारा. रंग हाताला लागेनासा झाला की चिकटपट्टीने ठिपके उचला. ते जास्त करून खालच्या फळ्यांवर आणि खिडक्यांच्या तळाशी हवेत, कारण पाणी तिथे साचतं. यानंतर शाई-अल्कोहोलचा हात बिलकूल नको, तो ॲक्रिलिक विरघळवतो.

धूळ आणि चिखल. सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडून कोरड्या ब्रशने लावा. विदर्भातलं स्टेशन असेल तर पायाशी काळ्या मातीची छटा द्या. पावसाचे शिंतोडे ३ ते ४ मिमी, म्हणजे खरे साधारण २६ ते ३५ सेंमी, एवढेच वर जाऊ द्या. वरून वार्निशचा स्प्रे मारला की ही पूड जवळपास दिसेनाशी होते. म्हणून स्प्रे टाळा आणि मॉडेल उचलताना भिंतीऐवजी तळाला धरा.