कॉलेजच्या मंडळात काम करता करता पुढची वाट कशी शोधावी: बीकॉम-बीबीएच्या मुलांसाठी

पुण्यात एफवायला प्रवेश झाला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सीनियर मुलं वर्गावर येतात. कोणी एनएसएससाठी (राष्ट्रीय सेवा योजना) नावं घेतं, कोणी रोटरॅक्टसाठी (रोटरीची तरुणांची शाखा), कोणी कॉमर्स फेस्टच्या कमिटीसाठी. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या टीमलाही बॅकस्टेजला माणसं हवी असतात. उत्साहाच्या भरात पाच ठिकाणी नाव दिलं जातं आणि दिवाळीनंतर एकाही ठिकाणी पाऊल पडत नाही. टीवायला बायोडेटा लिहायला बसलं की हाती नुसतं ‘सदस्य’ एवढंच उरतं.

माझं सांगणं असं आहे: मंडळ एकच धरा, पण त्यात दुसऱ्यांच्या पैशाची जबाबदारी अंगावर येईल असं काम मागून घ्या. आपला कल कशाकडे आहे हे कॉमर्सच्या मुलाला त्यातून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही कल चाचणीतून कळत नाही.

आधी तीन प्रश्न विचारा

नाव देण्याआधी मंडळातल्या कोणालाही विचारा: वर्षाचा खर्च किती होतो? पैसे कुठून येतात, कॉलेजकडून, वर्गणीतून की स्पॉन्सरकडून? आणि हिशोब शेवटी कोणाला दाखवला जातो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे काम जरूर करा, पण कोणत्याही कागदावर सही करण्याची घाई करू नका.

कॉमर्सची मुलं एनएसएसकडे फारशी वळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. दोन वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं निवासी शिबिर, म्हणजे फक्त श्रमदान असं त्यांना वाटतं. पण शिबिराच्या शिध्याची जबाबदारी घेऊन बघा. पन्नास जणांना दोन वेळ जेवायला तांदूळ किती लागेल, तेल किती, मार्केट यार्डातून आणणं परवडतं की टेम्पोचं भाडं धरता गावातल्या दुकानातूनच घ्यावं, शेवटच्या दिवशी उरलं किती. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतले पर्चेस आणि स्टोअर्स विभाग मोठ्या आकड्यांवर हेच करतात.

कॉलेजात मनासारखं काही मिळालं नाही तर आपल्या पेठेतलं किंवा सोसायटीतलं गणेश मंडळ आहेच. पावतीपुस्तकं, धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी, महापालिकेचा मांडव परवाना, पोलिसांकडचा अर्ज, वर्षअखेरचा जमाखर्च: संस्था चालवायला जे लागतं ते सगळं तिथे आहे.

हिशोब मागून घ्या

हे काम सहसा कोणाला नको असतं, म्हणून नवख्यालाही ते मिळतं. एसवायला असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा हिशोब माझ्याकडे होता. स्पर्धा छान झाली, पण नंतर ४,३०० रुपयांचा मेळ बसेना. दोन रात्री जागून काढल्यावर सापडलं की मांडववाल्याला दुसरा ॲडव्हान्स एका मित्राने स्वतःच्या खिशातून दिला होता, आम्ही तो त्याला परतही केला होता आणि व्हाउचर, म्हणजे खर्चाची लेखी नोंद, मात्र कोणीच केलं नव्हतं. चोरी कोणाचीच नव्हती. पण त्या दोन दिवसांत मित्र एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होते ती मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून काही गोष्टी मी प्रत्येक मुलाला सांगतो. मंडळाचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. नाइलाज झालाच, तर रक्कम त्याच दिवशी पुढे पाठवा आणि तसं ग्रुपवर लिहा. ॲडव्हान्स कितीही लहान असो, देताना सही घ्या. रिक्षासारख्या खर्चाला पावती मिळत नाही, तिथे व्हाउचर करा आणि खर्च करणाऱ्याचीच सही त्यावर घ्या. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण थर्मल कागदावरची छपाई हळूहळू पुसट होते. यूपीआय करताना शेरा लिहाच. रोज रात्री रोख मोजा, कितीही दमलेले असा. मोठ्या खर्चाला तीन कोटेशनं घ्या आणि सगळ्यात स्वस्त सोडून दुसरं निवडलं असेल तर कारण दोन ओळींत लिहून ठेवा. ते लेखी कारण पुढे तुमचीच बाजू राखतं.

स्वतःकडे नीट बघा

वर्षभराने विचारा: कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही?

मेळ बसवताना समाधान वाटत असेल तर सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट). बीकॉमला ५५ टक्के असतील तर सीए फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, नोंदणी करता येते. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आणि २०२३ च्या नव्या योजनेपासून ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. वस्तू बनवायला नेमका किती खर्च आला, हा प्रश्न आवडत असेल तर सीएमए. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने असलेल्या या शहरात त्याला कमी लेखू नका.

सभेचं इतिवृत्त, ठराव, परवानग्या यांत मन रमत असेल तर सीएसची (कंपनी सेक्रेटरी) माहिती काढा. लक्ष्मी रोडच्या दहा दुकानांत स्पॉन्सरशिप मागून, आठ नकार ऐकूनही अकराव्यात शिरावंसं वाटलं, तर विक्री, मार्केटिंग किंवा विमा. शिबिरात गावातल्या लोकांशी बोलणं आवडलं असेल, तर बँका आणि राज्य सेवा यांचा विचार करा. आयबीपीएसच्या पीओ (बँक अधिकारी) परीक्षेला २० ते ३० ही वयोमर्यादा आहे. एमबीए करायचंच असेल तर आधी दोन वर्षं नोकरी करा, असं माझं ठाम मत आहे.

मंडळातर्फे एखादा सीए आणि एखाद्या कारखान्यातले पर्चेसवाले गप्पांना बोलवा. ‘तुमचा कालचा दिवस कसा गेला?’ एवढंच विचारलं तरी पुरतं. १९३४ पासून चालत आलेल्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यक्रम आणि बिबवेवाडीतली सीए इन्स्टिट्यूटची शाखा, दोन्हीकडे एकदा तरी जाऊन या.

वेळेचं गणित

२०२४ पासून सीए फाउंडेशन आणि इंटर वर्षातून तीनदा होतात, त्यातली एक जानेवारीत. फेस्टही साधारण त्याच सुमाराला असतात. जानेवारीत पेपर देणार असाल तर ऑक्टोबरातच कमिटीला स्पष्ट सांगा आणि त्या वर्षी मुख्य पद घेऊ नका. मंडळाची खरी वर्षं एफवाय आणि एसवाय. आर्टिकलशिप सुरू झाल्यावर संध्याकाळ आपली राहत नाही.

बायोडेटात काय लिहायचं

‘खजिनदार’ हा शब्द एकटा ठेवू नका. किती रकमेचा जमाखर्च सांभाळला, किती संघ आले, कार्यक्रमानंतर किती दिवसांत हिशोब सादर केला, हे लिहा. मुलाखतीत विचारतील ते नेमकं यावरच, आणि खरं काम केलेलं असेल तर उत्तर पाठ करावं लागत नाही.

पद सोडताना बिलांची फाइल, दुकानदारांचे नंबर आणि मागच्या वर्षीच्या अंदाजात कुठे चुकलं याचा एक कागद पुढच्या खजिनदाराच्या हातात द्या. त्याच्याशेजारी बसून पहिला महिना त्याच्याबरोबर रोख मोजा.